पोच आणि परिणाम

दीर्घकाळ चालणारे कार्य क्लाउडवर सोपविणारी आज्ञा आणि त्या कार्याची समाप्ती यांत काळाचे अंतर असते. हे अंतर गृहीत धरणारी रचना ती असमकालिक रचना. ॲमेझॉनची २०१६ साली आलेली 'स्टेप फंक्शन्स' ही सेवा तिचे ठळक उदाहरण होय. तिच्या 'स्टँडर्ड' प्रकारातील कार्य वर्षभरापर्यंत चालू शकते; 'स्टार्ट एक्झिक्यूशन' ही आज्ञा मात्र कार्याचे ओळखचिन्ह व प्रारंभाची वेळ एवढेच तत्काळ परत करते. ही केवळ पोच होय, परिणाम नव्हे.

खरा प्रश्न उद्भवतो तो ही पोचच वाटेत हरवली तर. आज्ञा पुन्हा धाडावी, तर काम दोनदा होण्याचे भय. न धाडावी, तर ते मुळीच न होण्याचे. येथील तरतूद मार्मिक आहे. कार्य चालू असता तेच नाव व तीच माहिती देऊन आज्ञा पुन्हा केल्यास नवे कार्य सुरू न होता पहिल्याचीच पोच मिळते. परंतु नाव देणे ऐच्छिक आहे. ते न दिल्यास सेवा दर वेळी नवे नाव योजते आणि तरतूद निष्फळ ठरते. अल्पकालीन 'एक्सप्रेस' प्रकारास तर ती मुळातच नाही.

केवळ बेरजेच्या कामात हा दोष क्षम्य ठरेल. दोन्ही उत्तरे सारखीच येतील. कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रतिमान मात्र त्याच प्रश्नास दुसऱ्या वेळी निराळे उत्तर देऊ शकते. एकाच अर्जावर दोन भिन्न निर्णय निघाले, तर ग्राह्य कोणता? म्हणून आज्ञा धाडण्यापूर्वीच कार्याचे नाव ठरवून त्याची नोंद ठेवणे, हे ऐच्छिक मानता येणार नाही.