रिकाम्या चौकटीचे गणित आणि मराठी संख्यानामे : एक चिकित्सा

प्रस्तावना
पहिली-दुसरीच्या मुलासमोर '५ + □ = ८' हे उदाहरण ठेवले असता चौकटीत अनेकदा १३ हे उत्तर येते. ते निष्काळजीपणाचे ठरवून खोडले जाते. वस्तुतः त्यामागे विचार असतो. अधिकचे चिन्ह पाहून मूल दिसणाऱ्या दोन्ही संख्या मिळवते. बरोबरचे चिन्ह त्याला समतेचे नव्हे, तर 'उत्तर लिही' या आज्ञेचे वाटते. फॉकनर, लेव्ही व कार्पेंटर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात अमेरिकेतील सहावीच्या १४५ विद्यार्थ्यांपैकी एकालाही '८ + ४ = □ + ५' सोडवता आले नाही; उत्तरे १२ किंवा १७ अशीच आली.

युक्तीची मर्यादा
यावर वर्गात रूढ असलेला उपाय म्हणजे 'चौकट दिसली की मोठ्या संख्येतून लहान वजा करा'. ही युक्ती वरील उदाहरणात ३ हे अचूक उत्तर देते; मात्र '□ − ५ = ३' येथे तीच २ हे चुकीचे उत्तर देते. अपेक्षित उत्तर ८ आहे. अर्थात युक्तीने उत्तर मिळते, संबंध कळत नाही.

संख्यानामांचा वाद
२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' अशी वाचनपद्धती आली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले, तर भाषेच्या अंगाने तिला तीव्र विरोध झाला. दशक-एकक स्पष्ट होण्यासाठी ही पद्धती उपयुक्त आहे, यात शंका नाही. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणाऱ्या मुलाला 'वीस नऊ' निश्चितच सोपे जाते. परंतु या वादात एक बाब दुर्लक्षित राहिली. 'एकोण' म्हणजे एकाने उणे. '२९ + □ = ३०' याचे उत्तर 'एकोणतीस' या नावातच आहे. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतची आठ नावे हाच पूरक संबंध सांगतात. 'नव्याण्णव' मात्र अपवाद. 'पावणेतीन' हा शब्दही तीनला पाव कमी असल्याचेच सांगतो. समर्थकांनी या नावांतील अडचण पाहिली, विरोधकांनी परंपरा. त्यांतील गणित दोघांच्याही चर्चेत फारसे आले नाही.

व्यवहाराचा आधार
पारोळा परिसरात घरी अहिराणी व शाळेत प्रमाण मराठी अशा दोन भाषांत वावरणाऱ्या मुलासाठी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रमाण संख्यानामे त्याला पाठ करावी लागतात. सुट्या पैशांचा व्यवहार मात्र कोणत्याही भाषेत तोच राहतो. तेरा रुपयांच्या मालासाठी वीसची नोट दिली की दुकानदार 'तेरा आणि दोन पंधरा, पंधरा आणि पाच वीस' असे मोजत सात रुपये परत करतो. तो वजाबाकी करीत नाही; '१३ + □ = २०' सोडवतो. मोबाइलवरून पैसे देण्याच्या काळात हे दृश्य विरळ होत आहे. म्हणून ते वर्गात मुद्दाम घडवावे लागेल.

निष्कर्ष
चौकट ही वजाबाकीची खूण नसून समतेविषयीचा प्रश्न आहे. 'वीस नऊ' मुलाला संख्येची रचना दाखवते, 'एकोणतीस' तिचे पुढच्या दशकाशी असलेले नाते दाखवते. दोहोंपैकी एक निवडण्यापेक्षा दोन्ही समोरासमोर ठेवून मुलाला 'किती कमी पडतात?' असे विचारणे अधिक फलदायी ठरेल. तेराचे उत्तर लाल शाईने खोडण्यापूर्वी ते कसे आले, हेही त्याच मुलाला विचारावयास हवे.