दोन बोटांचं काम

मोटरसायकल सुरू होण्याआधीचा एक बारीक आवाज मला इंजिनाच्या आवाजापेक्षा आवडतो. किल्ली इग्निशनच्या कुलपात सरकताना होणारी ती किरकिर.

बहुतेक गाड्यांच्या या कुलपात पातळ पितळी पट्ट्या एकामागे एक उभ्या असतात. प्रत्येकीला एक खिडकी आणि इवलीशी स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा पट्ट्यांची टोकं बाहेरच्या नळीच्या खाचेत रुतून गाभा अडवून धरतात. योग्य किल्ली आली, की प्रत्येक पट्टी आपल्यापुरती सरकते आणि सगळ्या गाभ्याच्या कडेला समतल होतात. रचनेची गंमत इथंच आहे. किल्ली जोर करत नाही, अडवणाऱ्यांना मार्गातून हटवते. फिरवायला मग दोन बोटं पुरतात. म्हणूनच अडकलेली किल्ली पिळू नये. पितळ वाकतं, नाहीतर किल्ली आत तुटते. हँडल लॉक अडलं असेल, तर हँडल किंचित हलवून खिट्टीवरचा ताण काढावा.

रसभंग करतात ती धूळ, पावसाळी चिखल आणि धुलाईच्या वेळी थेट किल्लीच्या भोकात मारलेला पाण्याचा फवारा. त्यावर आपण मायेनं इंजिन ऑइल सोडतो. चार दिवस किल्ली लोण्यासारखी फिरते. मग त्याच तेलात धूळ मळली जाते आणि स्प्रिंगांचा जीव गुदमरतो. त्यापेक्षा कॉन्टॅक्ट क्लीनरनं कुलूप साफ करून पूर्ण वाळू द्यावं आणि चिमूटभर ग्रॅफाइट पावडर सोडावी. ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात, तेही कोरडेच. धुळीला चिकटायला जागा मिळत नाही. पण चिमूटभरच! ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि गाभ्याखालीच स्विचचे तांब्याचे कॉन्टॅक्ट असतात.

माझ्या जुन्या गाडीची किरकिर मंदावली, तेव्हा दोष कुलपाचा वाटला होता. मग कपाटातली कोरी किल्ली काढून दोन्ही उजेडात धरल्या. रोजच्या किल्लीचे दाते अर्ध्या वापरलेल्या साबणासारखे गोल झाले होते. घर, ऑफिस, गोदरेज अशा सगळ्या किल्ल्यांचा जुडगा तिला प्रत्येक खड्ड्यात हिसके देत आला होता. झिजलेल्या किल्लीवरून डुप्लिकेट काढली असती, तर झीजही हुबेहूब उतरली असती. कोऱ्या किल्लीवरूनच काढून घेतली. आता ती एकटीच राहते.

काल ती आत सरकवली. एकेक पट्टी मोजता आली.