पंचवीस मिलिमीटरचं श्रेय कोणाला?

जुन्या मोटरसायकलींचा नाद असलेल्या कोणालाही विचारा, एक उपाय हमखास ऐकायला मिळतो: मागचे शॉकॲब्सॉर्बर इंचभर लांब घाला, गाडी पटापट वळते. का, असं विचारलं की उत्तर येतं, "रेक कमी होतो ना!" आणि समोरचा थोडा वाचणारा असेल तर तो टोनी फोएल यांच्या प्रयोगाचा दाखला देतो.

मला तो प्रयोग आवडतो. पण हा दाखला चुकीचा आहे. आणि तो नेमका कुठे चुकतो हे पाहणं तुमच्यासारख्या प्रपोजल लिहायला बसलेल्यांच्या कामाचं आहे.

आधी दोन शब्द. हँडलचा कणा उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो, तो रेक. तो कणा खाली वाढवला तर जमिनीला जिथे टेकेल, तिथून मागे चाक जमिनीला टेकतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. रेक बदलला की सहसा ट्रेलही बदलतो, म्हणून दोघांचे परिणाम एकमेकांत मिसळलेले असतात. फोएल यांनी बीएमडब्ल्यू आर७५/५ ही गाडी घेतली. तिचा मूळ रेक सुमारे २७ अंश. त्यांनी वेगळे फोर्क बनवून तो १५ अंशांवर आणला, पुढे थेट शून्यावर. पण ट्रेल जवळपास मूळचाच ठेवला. प्रचलित समजुतीप्रमाणे अशी गाडी सरळ चालायलाच नको होती. ती चालली, आणि स्टीअरिंग उलट हलकं झालं. एकच गोष्ट बदलायची आणि तिची जोडीदार धरून ठेवायची, एवढी साधी शिस्त. पण त्यासाठी त्यांना फोर्क नव्याने बनवावे लागले. आपण बहुतेक जण तिथेच कंटाळतो.

आता याच गाडीची मागची बाजू २५ मिमी उचलू. चाकांमधलं अंतर सुमारे १३८५ मिमी, म्हणजे गाडी एका अंशाने पुढे झुकली. २७ चे २६ झाले. पुढच्या चाकाची त्रिज्या ३२५ मिमी आणि ट्रेल ८५ मिमी धरा, गणित करा. ट्रेल ७९ च्या जरा खाली येतो. म्हणजे रेक एका अंशाने, ट्रेल सात टक्क्यांनी कमी. शिवाय गुरुत्वमध्य बारा-एक मिलिमीटर वर गेला, स्विंगआर्म जास्त उतरता झाला, पुढच्या चाकावरचा भार किंचित वाढला. पाच गोष्टी एकदम हलल्या आणि श्रेय मिळालं एकट्या रेकला.

फोएल यांच्या प्रयोगातून निघतं ते याच्या उलट. ट्रेल धरून ठेवल्यावर १२ अंशांचा फरकसुद्धा गाडीने पचवला. मग एका अंशाने जादू झाली हे म्हणणं त्याच प्रयोगाच्या आधाराने कसं टिकेल? संशय घ्यायचाच तर आधी ट्रेलवर घ्या.

आणि खरं सांगू? माझा पहिला संशय ट्रेलवरही नाही. जुन्या गाडीतून काढलेला शॉक तेल गळून, स्प्रिंग बसून केव्हाच मेलेला असतो. त्याच्या जागी नवा, लांब शॉक बसवून चालवणारा म्हणतो, "उंचीने फरक पडला." अरे, फरक शॉक जिवंत झाल्याने पडला असेल! मूळ लांबीचाच नवा शॉक घालून ती गाडी आधी चालवली का? हा कंट्रोल मी तरी गॅरेजमध्ये कोणाला करताना पाहिलेला नाही.

दुसरी अडचण 'उंची' या शब्दातच आहे. आर७५/५ ला साखळी नाही, शाफ्ट आहे. ॲक्सिलरेटर दिला की शाफ्टच्या प्रतिक्रियेने मागची बाजू वर उठते, सोडला की बसते. जर्मनीत या बीएमडब्ल्यूंना 'गुमीकू', म्हणजे रबरी गाय, असं नाव पडलं ते यामुळे आणि मऊ, लांब सस्पेन्शनमुळे. पुढच्या फोर्कचा प्रवास तर २०० मिमीहून जास्त. ब्रेक लावल्यावर तो ७५ मिमी दबला, तर रेक तीन अंशांनी कमी होतो, आपल्या लांब शॉकच्या तिप्पट. म्हणून स्टँडवर टेप लावून मोजलेली उंची फारशी बोलत नाही. निदान चालवणारा बसलेला असताना मोजा, आणि वळणात ॲक्सिलरेटर कुठे होता ते लिहून ठेवा.

फोएल यांच्याबद्दलही तक्रार आहे. त्यांचा निष्कर्ष मुख्यतः चालवणाऱ्याच्या अनुभवावर उभा आहे, आणि चालवणाऱ्याला समोरचा फोर्क दिसतो. शून्य अंशाचा फोर्क लपवणार कसा? १९७१ मध्ये रॉबिन शार्प यांनी गणिती मॉडेलमधून गाडीच्या अस्थैर्याचे कॅप्साइझ, वीव्ह आणि वॉबल असे प्रकार वेगळे काढले होते. 'स्थिर वाटली' या दोन शब्दांत हे तिन्ही बुडतात. मात्र त्या मॉडेलमध्ये सस्पेन्शनच नाही, त्यामुळे आपल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर तिथेही मिळत नाही.

मग प्रयोग कसा बांधायचा? मी माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये वेगळ्याच विषयात हीच चूक केली होती. एक बटण फिरवलं आणि बदललेल्या चार गोष्टींपैकी मला आवडणाऱ्या गोष्टीला कारण ठरवलं. गाईडने समासात एवढंच लिहिलं, "उलट बाजूने करून पाहा." इथेही तेच चालतं. मागची बाजू २५ मिमी उचलण्याऐवजी पुढची तेवढीच खाली आणा. रेक आणि ट्रेल दोन्हीकडे सारखेच बदलतात, पण गुरुत्वमध्य एकीकडे वर जातो, दुसरीकडे खाली. दोन्ही गाड्या सारख्याच वागल्या तर संशय रेक-ट्रेलवर. वेगळ्या वागल्या तर उंचीवर किंवा स्विंगआर्मवर. मग तिसरी फेरी: मागची बाजू उचललेलीच ठेवा, फोर्कचा ऑफसेट सुमारे ६ मिमी कमी करून ट्रेल परत ८५ वर आणा.

पुढची बाजू खाली आणणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही. अनेक जुन्या फोर्कांमध्ये नळीचं वरचं टोक योकमध्ये पक्कं बसतं, सरकवता येत नाही. बुलेटच्या जुन्या फोर्कचंही असंच. स्प्रिंग आखूड केली तर तिचा कडकपणा वाढतो. लहान चाक घातलं तर त्रिज्या बदलते आणि ट्रेल पुन्हा हातातून निसटतो. मला सुचलेला त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे स्प्रिंग तीच ठेवून तिच्यावरचा स्पेसर कापणं. प्रीलोड कमी होतो, गाडी खाली बसते, कडकपणा तोच राहतो. पण ब्रेक लावल्यावर फोर्क तळाला लवकर आपटेल, म्हणजे ब्रेक मारत वळणात शिरण्याच्या चाचण्या यातून वगळाव्या लागतील.