दीडपट गतीचें रसग्रहण

चित्रपटावर मत देण्यास कांहीं विशेष अधिकार लागत नाहीं, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत आहे. आणि ती सर्वस्वीं चुकीची आहे असें मला वाटत नाहीं. कादंबरीवर बोलावयाचें तर ती वाचलेली असावी लागते, गाण्यावर बोलावयाचें तर कान थोडासा तयार असावा लागतो. परंतु चित्रपट पाहून आलेला मनुष्य दाराशीं चपला काढतां काढतांच ‘बरा आहे’, ‘लांबला आहे’, ‘पैसे फुकट गेले’ असा निकाल देऊन मोकळा होतो, व घरांतील मंडळी त्या निकालावर विसंबून आपला रविवार ठरवितात. या सहज मतांना शास्त्र नसतें, पण वजन असतें. समीक्षकाचा लेख वाचून चित्रपटास जाणारे थोडे. शेजाऱ्याच्या एका वाक्यावर जाणारे किंवा न जाणारे फार.

आमच्या शेलूबाजारांत हा व्यवहार रोज चालतो. वाशीम जिल्ह्यांतील मंगरूळपीर तालुक्याचें हें गांव. अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता आणि नागपूर ते छत्रपती संभाजीनगर हा जुना मार्ग येथें एकमेकांस छेदतात. त्यामुळें चौकांत चार दिशांचीं माणसें आणि चार दिशांचीं मतें एकत्र येतात. एस. टी.ची वाट पाहणाऱ्या मंडळींत क्षणभर कान दिला, तर सोयाबीनच्या भावानंतर निघणारा विषय पुष्कळदां चित्रपटाचा असतो. मत देण्याची रीत वडिलांच्या काळचीच आहे. फरक झाला आहे तो पाहण्याच्या साधनांत. पूर्वीं एका गांवानें एकच पडदा पाहिलेला असे. आज एकानें मोबाईलवर, दुसऱ्यानें टी. व्ही.वर, तिसऱ्यानें अकोल्याच्या चित्रपटगृहांत, आणि चौथ्यानें एकमेकांस जोडलेल्या दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत पाहिलेला असतो. व चौघेही एकाच चित्रपटाविषयीं बोलत आहों अशा समजुतीनें वाद घालीत असतात. हा वाद चित्रपटाचा नसून पुष्कळ अंशीं यंत्रांचा आहे, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. असें वाटण्यास माझीच एक चूक कारण झाली. ती सांगितल्यावांचून पुढचें विवेचन प्रामाणिक होणार नाहीं.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ हा चित्रपट ७ मार्च २०२५ रोजीं प्रदर्शित झाला. तत्पूर्वीं, २०२३ सालीं, टोरोंटोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांत आशियाई चित्रपटांसाठीं असलेलें ‘नेटपॅक’ पारितोषिक त्यास मिळालें होतें. कथा विदर्भांतील खेड्याची. सविता ही कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी समाजशास्त्र शिकते आहे आणि शिकून कांहीं व्हावें असें तिच्या मनांत आहे. घरच्यांना तिच्या लग्नाची काळजी आहे. पाहुणे येतात, बैठक भरते, मुलीला मध्यें बसवितात, आणि नांव, उंची, शिक्षण, आवड, शेतांतलें काम येतें काय, असे प्रश्न सुरू होतात. पाहुणे जातात. दुसरे येतात. पुन्हां तेच प्रश्न. नट व्यवसायानें नट नव्हेत, त्या मातींतलींच माणसें आहेत. भाषा तिकडची, आणि प्रसंग आपल्यापैकीं प्रत्येकानें कोणत्या ना कोणत्या बाजूला बसून अनुभविलेला.

हा चित्रपट मीं प्रथम मोबाईलवर पाहिला. दोन रात्रीं मिळून, कानाला कांहीं न लावतां, आणि दुसऱ्या बैठकीनंतर दीडपट गतीनें. कोणाची फसवणूक करावी असा हेतु नव्हता. अंगठ्याला संवय झालेली, एवढेंच. तिसऱ्या बैठकीच्या वेळीं ‘हें तर पाहिलेंच’ असें मनांत आलें, व दहा-दहा सेकंद पुढें ढकलणारी खूण मीं दोन-तीनदां दाबली. दुसऱ्या दिवशीं चौकांत कोणी विचारलें तेव्हां मीं सांगून टाकलें कीं, विषय चांगला आहे, पण चित्रपट संथ आहे; तेंच तेंच दाखवितात; दहा मिनिटांत कळण्यासारखी गोष्ट दोन तास सांगितली आहे. माझ्या या रसग्रहणाचा परिणाम असा झाला कीं, ऐकणाऱ्यांपैकीं निदान दोन घरांनीं तो पाहण्याचा बेत रहित केला.

पुढें दिवाळींत धाकट्या भावाकडे जाणें झालें. त्याच्याकडे नवा मोठा टी. व्ही. आलेला. त्याच्या मुलीनें आग्रह धरला कीं ‘स्थळ’ सर्वांनीं मिळून पाहावयाचा. मुलगी पदवीधर, स्पर्धा-परीक्षेचा अभ्यास करणारी. वर्षभरांत चार ठिकाणचे पाहुणे येऊन तिला ‘पाहून’ गेलेले. मीं माझें ठरलेलें मत याही ठिकाणीं सांगून पाहिलें, पण तिनें ऐकलें नाहीं. आरंभीं चित्र कांहीं विचित्रच दिसूं लागलें. माणसें तेलांतून घसरत चालल्यासारखीं, आणि शेत एखाद्या मालिकेच्या रंगविलेल्या देखाव्यासारखें. पुतण्यानें यंत्राच्या पोटांत शिरून कसलीशी करामत बंद केली, आणि सावकाश, मध्यें कोणी न उठतां, आम्हीं तो शेवटपर्यंत पाहिला.

पहिल्या बैठकीला घरांत हंशा झाला. प्रश्न ओळखीचे होते. दुसऱ्या बैठकीलाही कोणी हंसलें. तिसऱ्या वेळीं हंसणें बंद झालें. त्यानंतर वहिनी पदराशीं चाळा करीत खालीं पाहत होत्या, आणि भाऊ मुलीकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत होता. संपल्यावर मी कांहीं बोलण्यापूर्वींच पुतणी म्हणाली, “काका, तुम्ही लांबला म्हणालात ना? मला कमीच वाटला. आमच्या बैठकीला पुढं ढकलायचं बटण नसतं.” भाऊ उठून अंगणांत गेला. पुढच्या रविवारीं यावयाच्या पाहुण्यांविषयीं त्या रात्रीं कोणी अवाक्षर काढलें नाहीं.

माझें मत तेथें कोसळलें. ज्या पुनरुक्तीला मीं दोष म्हटलें होतें, तीच या चित्रपटाची रचना आहे. चित्रपटाच्या आरंभीं स्वप्नाचा एक प्रसंग आहे. त्यांत बायका बैठकीवर बसून मुलाची परीक्षा घेतात. त्या उलट्या चित्रानें आपण हंसतों; आणि मग सरळ चित्र इतक्या वेळां समोर येतें कीं, त्यांत हंसण्यासारखें कांहीं नव्हतें हें हळूहळू आपल्या अंगांत भिनतें. हें ‘कळणें’ नव्हे, सोसणें आहे. आणि सोसण्याला वेळ लागतो. तो वेळ काढून घेतला तर उरतें तें केवळ कथासूत्र. चित्रपटांत दोष नाहींत असें नव्हे. महाविद्यालयांतील स्त्रीसबलीकरणाचीं व्याख्यानें आणि घरांतील बैठक यांचा विरोध कांहीं ठिकाणीं बोट दाखवून सांगितल्यासारखा वाटतो, आणि इतक्या संयमी चित्रकाराला त्याची गरज नव्हती. परंतु हा दोष दाखविण्याचा अधिकार मला दुसऱ्या वेळच्या पाहण्यानें मिळाला; पहिल्या वेळीं मीं दाखविलेला दोष माझ्या अंगठ्याचा होता.

गतीचा हा प्रश्न अगदींच नवा आहे असें मात्र नाहीं. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला, त्या काळीं मूकपटाची चाल बरीचशी यंत्र फिरविणाऱ्याच्या हातीं असे. खेळ लवकर आटोपावयाचा असला कीं त्याचा हात जलद फिरे, आणि पडद्यावरचे राजे-महाराजे लुटुलुटु धांवूं लागत. ध्वनि आला तेव्हां ही मनमानी संपली. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजीं लागला, आणि १९३२ सालीं प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’नें मराठी वाणी पडद्यावर आणली. चित्र आणि ध्वनि यांची सांगड पडल्यावर गति बदलली कीं आवाज चिरका तरी होई, नाहीं तर भसाडा. म्हणून सेकंदास २४ चित्रें हें प्रमाण जगभर रूढ झालें. दिग्दर्शकानें एखादा क्षण जेवढा लांब ठेविला, तेवढाच तो मुंबईच्या प्रेक्षकाला आणि जत्रेंतल्या तंबूच्या प्रेक्षकाला मिळूं लागला. एका अर्थानें काळ हें चित्रकाराचें उपकरण झालें तें ध्वनीच्या पहाऱ्यामुळें.

हा पहारा आतां उठला आहे. आजची यंत्रणा गति वाढवितांना आवाजाची पट्टी चढूं देत नाहीं. त्यामुळें कांहीं बिघडलें आहे हें कानाला समजतच नाहीं. नेटफ्लिक्सनें २०१९ सालीं या सोयीची चांचणी सुरू केली तेव्हां हॉलिवूडच्या कांहीं दिग्दर्शकांनीं उघड निषेध केला. तरीही २०२० सालीं अर्धपट ते दीडपट अशी ती मोबाईलवर आलीच. टी. व्ही.ची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. तेथें आपण कांहीं दाबलेलें नसतांही यंत्र स्वतःच्या बुद्धीनें दोन चित्रांच्या मध्यें तिसरें, कधींही न घेतलेलें चित्र घुसवितें, व हालचाल गुळगुळीत करतें. क्रिकेटच्या चेंडूला तें उपकारक असेल; चित्रपटाचा मात्र त्यानें पोत जातो. याच करामतीविरुद्ध टॉम क्रूझ व दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनीं डिसेंबर २०१८ मध्यें प्रेक्षकांस जाहीर विनंती केली होती. आणि २०१९ सालीं कांहीं कारखानदार व चित्रकार यांनीं मिळून ती बंद ठेवणारी ‘फिल्ममेकर मोड’ नांवाची व्यवस्था पुढें आणली. भावाच्या घरीं तेलांत घसरणारीं माणसें दिसलीं तीं या करामतीमुळें. ‘स्थळ’मधील अभिनय कृत्रिम आहे, असें एखाद्यानें त्या चित्रावरून म्हटलें असतें, तर त्याला मी काय उत्तर देणार होतों?

येथें दुसरी बाजू मांडली पाहिजे. नाहीं तर हें म्हातारपणचें गाऱ्हाणें ठरेल. शेलूबाजारसारख्या गांवीं ‘स्थळ’सारखा चित्रपट मोठ्या पडद्यावर येईल अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओ सुरू झाल्यानंतर इंटरनेट इतकें स्वस्त झालें, म्हणून तर असले चित्रपट आमच्यापर्यंत येऊं लागले. ज्या गृहिणीला घर सोडून तीन तास चित्रपटगृहांत बसणें कधींच जमलें नाहीं, ती आज कुकरच्या शिटीला चित्रपट थांबविते व भाजी फोडणीस टाकून पुढें पाहते. तिच्या थांबविण्याला रसहानि म्हणण्याचा उद्धटपणा माझ्याकडून होणार नाहीं. ज्या मुलीच्या घरीं असा विषय सर्वांसमोर लावतां येत नाहीं, तिला हातांतला लहान पडदा हाच एकांत आहे. आणि वाचकही कादंबरीचीं पानें गाळतोच कीं! परंतु पानें गाळणारा वाचक आपण तीं गाळलीं हें जाणतो. गति वाढविणाऱ्या प्रेक्षकाला आपण सर्व पाहिलें असें प्रामाणिकपणें वाटतें, आणि अनर्थाचें मूळ तेथें आहे. थांबवून पाहणारी गृहिणी चित्रपटाला आपला वेळ देते. धांववून पाहणारा मी त्याचा वेळ काढून घेतों. दोघांच्या हातीं यंत्र एकच असतें.

म्हणून सहज मतें देऊं नयेत असें मी म्हणत नाहीं. तीं बंद झालीं तर चौक मुका होईल. माझी सूचना लहान आहे. मत देणाऱ्यानें आपण कशावर पाहिलें, किती बैठकींत पाहिलें, आणि कोणत्या गतीनें पाहिलें, हें आधीं सांगावें. मग खुशाल ‘लांबला’ म्हणावें. ऐकणारा त्यांतून काय वजा करावयाचें तें करील. मोठ्या नटांच्या चित्रपटांना आपल्या मतानें फारसें कांहीं होत नाहीं. त्यांच्या जाहिराती आपल्याहून मोठ्यानें बोलतात. पण लहान मराठी चित्रपटाला जाहिरात अशी नसतेच; त्याला चार ओळखीच्या माणसांच्या शब्दाचाच आधार असतो. तेथें एक निष्काळजी वाक्य दोन घरें बंद करतें. माझ्या वाक्यानें केलींच. त्या दोन्ही घरीं मीं नंतर जाऊन माझें मत परत घेतलें. एकानें पाहिला. दुसरा म्हणाला, “आतां राहूं द्या.” त्याच्या घरीं लग्नाची मुलगी आहे.

शेलूबाजारजवळून समृद्धि महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा खुला झाला. त्यावरून मोटारी ताशीं शंभराहून अधिक वेगानें जातात, आणि त्यांतील प्रवाशाला विचारलें तर वाशीम जिल्हा पाहिला असें तो सांगेल. खोटें बोलतो असेंही त्यास म्हणतां यावयाचें नाहीं. जिल्हा त्याच्या कांचेवरून गेलेला असतो. परंतु आमच्या गांवाविषयीं त्याचें मत विचारावयाचें झालें, तर तो येथें उतरला होता काय, एवढें तरी आधीं विचारावें लागेल.