'वाचल्या जाते' : कर्मणी रचना आणि समीक्षेचे गद्य

मराठी समीक्षेच्या गद्यावर इंग्रजी वाक्यरचनेची छाया पडली आहे, ही तक्रार जुनीच आहे. पुराव्यादाखल बहुधा एकच रचना पुढे करतात: 'असे मानले जाते', 'लेखकाकडून सूचित केले गेले आहे'. आरोप निराधार नाही. दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण सिद्ध करताना लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवला होता. पुढे शालेय व्याकरणांनी 'कडून'युक्त रचनेला 'नवीन कर्मणी' असे नाव देऊन तिचे इंग्रजी वळण मान्यच केले. मात्र आरोप अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा नागपुरात तपासणे अधिक सोयीचे.

विदर्भात 'कविता वाचल्या जाते', 'ग्रंथ लिहिल्या जातो' असे सर्रास बोलतात, लिहितातही. प्रमाण भाषेत 'वाचली जाते', 'लिहिला जातो'. तेथे कृदंत कर्माच्या लिंगवचनानुसार बदलते. वैदर्भी रूपात ते 'या'कारान्त, अविकारी राहते आणि कर्माशी जुळण्याचे काम एकटे 'जाणे' करते. हा साचा इंग्रजीचा नव्हे. 1956 पर्यंत नागपूर हिंदी-मराठी अशा द्विभाषिक राज्याची राजधानी होते खरे. पण हिंदीतील कृदंतही कर्मानुसारीच असल्यामुळे तो हिंदीचाही म्हणता येत नाही. इंग्रजी ग्रंथांचा वारा न लागलेल्यांच्या तोंडीही तो रुळलेला आहे. (मुद्रितशोधक तो इमानेइतबारे 'सुधारतात' आणि एक मोलाचा पुरावा पुसून टाकतात.) शिवाय महानुभाव गद्यात 'कीजे', 'बोलिजे' अशी कर्मणी रूपे आहेतच; आजचे 'म्हणजे' आणि 'पाहिजे' हे त्यांचेच अवशेष. कर्मणी रचना मराठीला परकी, हे मत त्यामुळे टिकत नाही.

मग इंग्रजीने दिले काय? इंग्रजी विधानवाक्याला उद्देश्याची जागा सहसा रिकामी ठेवता येत नाही. कर्ता सांगावयाचा नसेल तर कर्माला तेथे बसवावे लागते. मराठीला ही अडचण नाही. 'असे मानतात' एवढ्याने तिचे वाक्य पुरे होते. तरीही समीक्षक 'मानले जाते' निवडतो, ते व्याकरणाच्या गरजेपोटी नव्हे. 'मानतात' या रूपात अनाम का होईना, माणसे आहेत, 'कोण मानतात?' हा प्रश्न लागलीच उभा राहतो. 'मानले जाते' यात नपुंसकलिंगी एकवचनाखेरीज कोणीच नाही. 'ही कादंबरी श्रेष्ठ मानली जाते' असे लिहिणारा मूल्यविधान करतो आणि त्याचे उत्तरदायित्व मात्र घेत नाही. 'इथे संत्री विकल्या जातात' या वाक्यात कर्ता गाळला आहे, कारण त्याची गरज नाही. समीक्षेत तो नेमका गरजेच्या जागी गळतो.

'कडून'ची गोष्ट वेगळी. तेथे आरोप पुरता लागू पडतो. 'लेखकाने हे सुचवले आहे' ही मुळातच कर्मणी असलेली रचना हाताशी असताना कर्त्याला आधी वाक्याबाहेर काढावयाचे आणि मग 'कडून' लावून मागच्या दाराने पुन्हा आत घ्यावयाचे!