दोन ओळींत न मावणारी गोटमार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन काठांची दगडफेक, सुरू झाली, की दुपारपर्यंत तिचे व्हिडिओ नागपूर-पुण्याच्या मोबाइलवर पोचतात. दोन्ही काठांवरून गोटे सुटतात, कुणाचे तरी डोके फुटते आणि खाली दोन ओळी असतात: एक तर परंपरेचा अभिमान, नाही तर वेडेपणाचा धिक्कार. नदीच्या मधोमध रोवलेला पळसाचा झेंडा चित्रात दिसतो, पण तो कशासाठी रोवला ते कुणी सांगत नाही. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला आणि नदीतच दोघांवर दगड पडले, ही दंतकथा त्यात नसते. झेंडा हाती आला की चंडी मातेच्या देवळात नेतात, प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले तरी लोकांनी गोटेच उचलले, हेही नसते. एवढे ठाऊक नसलेला वाचक मग लगेच बाजू घेतो, आणि बाजू घेतली की त्याची जिज्ञासा संपते.

असे सविस्तर सांगायला एके काळी ब्लॉग होता. मराठी ब्लॉग २००५ नंतरच्या काही वर्षांत बहरला. स्टार माझा वाहिनीने 'ब्लॉग माझा' स्पर्धा घेतली तो हा काळ. ब्लॉगवर पाल्हाळही पुष्कळ झाले. पण नोंदीवर तारीख असे, जुने लेखन महिन्यावार लावलेले असे, पाच वर्षांनी शोधत आलेल्यालाही ते सापडे. मात्र त्यात पुण्या-मुंबईचा आणि परदेशी गेलेला मराठी माणूसच अधिक लिहीत होता, तोही प्रमाण भाषेत.

सौंसर-पांढुर्ण्याची गोष्ट वेगळी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. घरात वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी, शाळेत नि कचेरीत हिंदी. ज्याला मराठीत निबंध लिहिण्याची वेळच आली नाही, तो लांबलचक लेखाला हात घालत नाही. दोन ओळी मात्र लिहितो, आणि त्यांत 'काहून' येते, 'येऊन राह्यला' येते, मध्येच हिंदीही येते. ही बोली एरवी कागदावर कुठे उतरली असती? छोट्या पोस्टचे हे देणे मी फार मोठे मानतो. भाषा बिघडल्याची ओरड करणाऱ्यांनी आधी हे पाहावे.

आखूडपणा मराठीला परका नाहीच. जात्यावरची ओवी दोन-तीन ओळींचीच असते. पण ती रोज पहाटे पुन्हा गायली जाई, लेकीला आईकडून मिळे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पाने अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, गाणारणीच्या आणि गावाच्या नावासकट. पोस्टला ना पाठांतर आहे, ना असा कुणी संग्राहक. ती संध्याकाळी खाली सरकते आणि पुढच्या पोळ्याला तेच दोन पक्ष पुन्हा पहिल्यापासून भांडतात.

याच मुलखातल्या संत्र्याच्या बाबतीत हे हरवणे जास्त महागात पडते. आजचा भाव, काल पडलेली गार, व्यापारी कुठल्या बागेत आला, याला छोटा मेसेजच हवा. लेखाची वाट पाहत कोण बसेल? पण बहार काही एका दिवसात येत नाही. आंबिया बहाराला पाणी कधी तोडले, जमीन भारी की हलकी, ताण किती दिवस दिला, डिंक्या रोग दिसल्यावर बोर्डो मलम कधी लावले आणि पुढच्या वर्षी त्या झाडाने काय दिले, ही हकीकत हंगामामागून हंगाम सलग लागते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात ती तुकड्यातुकड्यांनी येते, शुभेच्छांच्या फुलांखाली गाडली जाते आणि फोन बदलला की बहुधा जातेच.

५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. जिल्ह्याची पहिली वर्षे आत्ताच चालू आहेत. बागाईतदाराने आपल्या एका बागेची वही, तारखा घालून, 'काहून'सकट, ब्लॉगवर मांडायला हीच वेळ आहे. गोटमारीवर काठावरच्या माणसाने लिहायलाही हीच.