निघायला आता उशीर झाला आहे

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात वणवा वस्तीच्या तोंडाशी आला की शासनाकडून एक इशारा निघतो. रेडिओवर तो वाचून दाखवतात, मोबाइलवर तो येतो, नकाशावर लाल त्रिकोण उमटतो. मजकूर पान-दीड पानाचा, खाली कुणाचे नाव नाही. तो तयार करतो नियंत्रण कक्षातला सार्वजनिक माहिती अधिकारी. साचा आधीच ठरलेला असतो; पण कोणती गावे, आग कुठे सरकते आहे आणि लोकांनी नेमके काय करायचे, हे त्याला हाती आलेल्या अर्धवट खबरांवरून काही मिनिटांत लिहावे लागते. नियंत्रण प्रमुखाने मान्यता दिली की शब्द सुटले. हा मजकूर मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी वाटले आहे की एखादी कविता वाचावी तितक्याच सावकाश तो वाचायला हवा.

इशाऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत. पिवळी ‘ॲडव्हाइस’ म्हणजे आग लागली आहे, कानोसा घेत राहा. केशरी ‘वॉच अँड ॲक्ट’ म्हणजे धोका वाढतो आहे, हालचालीला लागा. लाल ‘इमर्जन्सी वॉर्निंग’ म्हणजे जिवावर बेतले आहे. आग मात्र पायऱ्या मोजत येत नाही, त्यामुळे कधी कधी पहिलाच इशारा लाल निघतो. आपण वाचणार आहोत तो हाच.

सुरुवात गावांच्या नावांनी होते. आपले गाव ऐकले की माणूस थांबतो, नाही ऐकले तर पुढच्या कामाला लागतो. म्हणून नावे आधी. मग आग कुठे आहे, कोणत्या दिशेला निघाली आहे, आटोक्यात आहे की नाही, हे दोन-तीन छोट्या वाक्यांत. आणि मग हा गाभा: तुम्ही धोक्यात आहात. जीव वाचवायचा तर ताबडतोब हालचाल करा. आता घरातच आसरा घेणे सर्वांत सुरक्षित. निघायला आता उशीर झाला आहे.

यात ‘नागरिकांनी’ नाही, ‘तुम्ही’ आहे. ‘शक्यता नाकारता येत नाही’ असली सावध शेपटी एकाही वाक्याला नाही. आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात प्रसाद नावाचा गुण सांगितला आहे: वाळलेल्या लाकडात अग्नी जसा क्षणात पसरतो तसा अर्थ मनात पसरावा. आगीच्या इशाऱ्यात तो गुण इतक्या शुद्ध रूपात भेटावा याचे मला फार अप्रूप वाटते.

पण खरे वजन शेवटच्या वाक्यात आहे. निघायला उशीर झाला आहे, असे कुठल्या सरकारला म्हणावेसे वाटेल? त्यात आपली यंत्रणा वेळेवर पोचली नसेल ही कबुलीही दडलेली असते. तरीही ते वाक्य लागते, कारण माणसाचा पहिला ओढा गाडीची किल्ली उचलण्याकडे असतो. रस्त्यावर धूर, आडवी पडलेली झाडे, समोरून येणारी गाडी दिसत नाही. आणि ज्वाळांच्या आधी पोचते ती त्यांची धग, जिच्यापुढे मोटारीचा पत्रा फार टिकत नाही. आगीची आघाडी पुढे सरकेपर्यंत घराच्या भिंती ती धग अडवू शकतात. म्हणून अधिकारी एक वाट स्पष्टपणे बंद करतो आणि लगेच दुसरी उघडतो: अंगभर सुती किंवा लोकरीचे कपडे घाला, दारे-खिडक्या लावा, पाणी पीत राहा, बाहेर पडायला दोन वाटा असलेल्या खोलीत थांबा, घरच पेटले तर जळून गेलेल्या जमिनीवर जा. भीती आहे तशी सांगितली आणि त्याच दमात तिला काम दिले. या मजकुरातले सर्वांत सुंदर स्थळ मी यालाच मानतो.

हे गद्य मोठ्या किमतीने घडले आहे. 7 फेब्रुवारी 2009, ‘ब्लॅक सॅटरडे’. मेलबर्नमध्ये पारा 46.4 अंशांवर गेला. हा दिवस राज्याच्या इतिहासातला सर्वांत वाईट ठरू शकेल, असे प्रीमियर जॉन ब्रम्बी यांनी आदल्या दिवशीच बजावले होते. म्हणजे ढोबळ इशारा होता. कमी पडला तो गावागावाचा इशारा. किलमोर ईस्ट इथे दुपारी बाराच्या आधी विजेच्या तारेतून लागलेली आग संध्याकाळी किंगलेक गावावर कोसळली. कांगारू ग्राउंड इथल्या नियंत्रण कक्षातल्या मंडळींना हा धोका दिसला होता, त्यांनी इशाऱ्याचे मसुदेही तयार केले होते. पण आगीचा ताबा होता किलमोरच्या कक्षाकडे, आणि इशारा काढण्याचा अधिकारही तिथेच. मसुदे लिहिलेले राहिले. त्या दिवसाच्या आगींत 173 माणसे गेली, त्यातली 119 एकट्या किलमोर ईस्टच्या आगीत.

पुढे चौकशीसाठी रॉयल कमिशन बसले आणि इशाऱ्यांची त्याने कसून तपासणी केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फोनवर थेट इशारा पाठवणारी राष्ट्रीय यंत्रणा सुरू झाली. आधी नियोजन विभागाच्या एका कोपऱ्यात बसणाऱ्या सार्वजनिक माहितीच्या कामाला नंतर आपत्ती व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय पद्धतीत स्वतंत्र विभागाचे स्थान मिळाले. पाण्याचा बंब आणि इशाऱ्याचे वाक्य एकाच टेबलावर आले. आजच्या मजकुरातला प्रत्येक ठामपणा मला त्या न सुटलेल्या मसुद्यांचे उत्तर वाटतो.

या ठामपणाची मोठी परीक्षा 2019 च्या अखेरीस झाली. ईस्ट गिप्सलँड हा सुट्टीचा मुलूख, ऐन नाताळानंतरची गर्दी. 29 डिसेंबरला आपत्ती व्यवस्थापन आयुक्त अँड्र्यू क्रिस्प यांनी हजारो पर्यटकांना सांगितले की उद्या सकाळी नऊच्या आत बाहेर पडा. ‘लवकरात लवकर’ म्हटले असते तर ज्याने त्याने आपापला अर्थ लावला असता. ‘नऊच्या आत’ म्हटल्यावर घराघरातल्या घड्याळाला अर्थ आला. दुसऱ्या दिवशी सूर पालटला: आता निघू नका, उशीर झाला आहे. एका दिवसाच्या अंतराने उलट आज्ञा देणे सोपे नसते. ऐकणारा गोंधळेल, कालचे चुकले म्हणेल, ही धास्ती असतेच. पण कालचे वाक्य कालच्या रस्त्यासाठी खरे होते, आजचे आजच्या. खरे राहण्यासाठी बदलावे लागते, हे ज्याला पेलते तोच या खुर्चीला शोभतो.

31 डिसेंबरला सकाळी त्याच मुलखातल्या मालाकूटा गावावर काळोख दाटला आणि मग आभाळ लाल झाले. जवळपास चार हजार माणसे पाण्याच्या काठाशी जमली होती. वारा फिरला आणि किनारा वाचला; गावातली शंभराहून अधिक घरे मात्र गेली. 3 जानेवारीला नौदलाच्या ‘एचएमएएस चौल्स’ जहाजाने सुमारे हजार लोकांना तिथून हलवले.

मजकुराच्या तळाशी आणखी एक ओळ असते, तिच्याकडे कुणाचे सहसा लक्ष जात नाही: पुढची माहिती अमुक वाजेपर्यंत, किंवा परिस्थिती बदलली तर त्याआधीच. धुराने कोंडलेल्या खोलीत बसलेल्या माणसाला ही ओळ काय देते? कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे, अमुक वाजता तो पुन्हा बोलेल, एवढा आधार. अधिकाऱ्यासाठी ते वचन असते. नवे काही हाती आले नसले तरी वेळ झाली की बोलायचे. कारण त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लोक आपापल्या भीतीने लावतात आणि अफवेला तेवढी फट पुरते.

या लेखनाला दाद मिळत नाही. ते यशस्वी झाले तर माणसे घरी परततात आणि मजकूर विसरतात. पण शब्दाने जीव वाचतो हे विधान इथे शब्दशः खरे आहे, म्हणून मी याला श्रेष्ठ गद्य म्हणतो.

2023 मध्ये आपल्याकडचे मोबाइलही चाचणीच्या इशाऱ्याने एकदम किंचाळले होते. म्हणजे हाताशी यंत्र आले आहे. आपल्याकडे सह्याद्रीत दर उन्हाळ्यात वणवे लागतात, पावसाळ्यात दरडी कोसळतात, नद्या गावात शिरतात. त्या वेळी ‘नागरिकांनी सतर्क राहावे, घाबरून जाऊ नये’ एवढ्याने भागणार नाही. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात बसून मराठीत इशारा लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: गावाचे, वाडीचे नाव आधी लिहा, ‘तुम्ही’ म्हणा, काय करायचे ते एकेका ओळीत सांगा, आणि पुन्हा किती वाजता बोलाल ते लिहून ती वेळ पाळा.